पंपाच्या जागची पुली

पुल्यांचं खोकं घरी आलं तेव्हा बाबांनी नाक मुरडलं. साहजिकच होतं. ज्या माणसाने पनवेलात उभा जन्म लेथवर पुल्या कातण्यात घालवला, त्याच्या जीपसाठी त्याच्याच मुलीने तयार पुल्या विकत आणल्या होत्या. सुगरणीच्या घरी बाहेरून डबा यावा, तसंच हे.

बंदर रोडच्या आतल्या अंगाला बाबांची पत्र्याची शेड होती. अजून आहे, फक्त बंद असते. उरणकडच्या होड्यांची इंजिनं, मिठागरांवरचे पंप, गावोगावच्या भाताच्या गिरण्या, सगळ्यांच्या पुल्या तिथे व्हायच्या. मी शाळेतून सुटले की दप्तर घेऊन सरळ शेडवर जायची आणि लेथखाली पडलेल्या गरम कुरळ्या किसात हात घालून ओरडा खायची. लोखंड कशाला म्हणतात हे मला बाराखडीच्या आधी कळलं असावं. पुढे मी बँकेत लागले, खारघरला राहायला गेले, पण गाडीचं बॉनेट उघडं दिसलं की आजही माझी मान तिकडे वळते.

"पुली बाजारातून आणलीस?" बाबांनी एवढंच विचारलं. मग एक पुली उजव्या हातात घेतली, तिच्या कडेवरून अंगठा फिरवला, खिडकीच्या उजेडात धरली आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, बरी आहे. बाबांच्या तोंडून 'बरी आहे' ऐकायला आम्ही जन्म काढलाय, त्यामुळे मी खूश झाले.

हे पुल्यांचं प्रकरण काय ते आधी सांगते. इंजिन नुसती गाडी ओढत नाही. त्याच्या तोंडाशी एक पुली असते, तिच्यावर पट्टा चढवलेला असतो आणि तो पट्टा बाकीची सगळी घरकामं करतो. पाणी खेळवणारा पंप फिरवतो, बॅटरी भरणारा अल्टरनेटर फिरवतो, आणि गाडीला असेल तर स्टिअरिंगचा पंपही फिरवतो. आमच्या जुन्या जीपला हा शेवटचा लाड नव्हता. स्टिअरिंग दोन्ही हातांनी, खांदे लावून वळवायचं. इंजिनही थकलं होतं. तेव्हा जुनं काढून त्या जागी अलीकडचं डिझेल इंजिन बसवायचं ठरलं, आणि इंजिन बदलणारे हौशी लोक जो तयार संच मागवतात तो मी मागवला. चकचकीत ॲल्युमिनियमच्या पुल्या, त्यांना धरणारी ब्रॅकेटं, पट्टा ताणून ठेवणारा टेन्शनर आणि सगळ्यांना वळसे घालत जाणारा एकच रुंद पट्टा. लोक हा संच दिसायला देखणा म्हणून घेतात आणि बॉनेट उघडून मिरवतात. मी घेतला तो त्यात स्टिअरिंगच्या पंपाला जागा होती म्हणून. पंप चालू असला की स्टिअरिंग एका हाताने वळतं, आणि बाबांकडे कामाचा हात एकच उरला होता.

गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला. बोलणं शाबूत राहिलं, पाय हळूहळू सुधारला, डावा हात मात्र खांद्याला टांगून ठेवल्यासारखा झाला. डॉक्टर म्हणाले होते, गाडी सध्या नको. मी त्यातला 'सध्या' तेवढा उचलला. बाबांना घरात बसलेलं बघणं मला सहन होत नव्हतं. सकाळी पेपर, मग खिडकी, मग जेवण, मग पुन्हा खिडकी. ज्याने रोज सकाळी जीप काढून गावं पालथी घातली, त्याने रिक्षासाठी शेजाऱ्याच्या मुलाला हाका मारायच्या, हे मला नको होतं. एका हाताने गाडी चालवणारे, गिअरही त्याच हाताने टाकणारे लोक जगात आहेत असं मी सगळ्यांना ठणकावून सांगितलं. बाबांचे डोळे चमकले. ते रबराचा बॉल डाव्या हातात धरून दिवसभर दाबायला लागले. बोटं जेमतेम हलायची, पण हा माणूस सोडेना. आई काही बोलली नाही. मी ते होकार म्हणून घेतलं.

काम दिलं उरण रस्त्यावरच्या एका मिस्त्रीला. त्याची शेती विमानतळात गेली, मोबदल्यात घर झालं, दुकानाचे गाळे झाले, तरी त्याचं मन ग्रीसमध्येच. जुन्या जीपला नवी इंजिनं बसवण्यात त्याचा हात धरणारं या पट्ट्यात कोणी नाही. बाबांना तो फार मानायचा. पंप, तेलाच्या नळ्या आणि त्या तेलाच्या दाबावर चाकं वळवणारा स्टिअरिंगचा नवा बॉक्स त्यानेच जमवला.

आणि मग तो रविवार. मिस्त्री जीप घेऊन शेडसमोरच्या मोकळ्या जागेत आला, चावी माझ्या हातात दिली आणि चहालासुद्धा थांबला नाही. मला जरा चमत्कारिक वाटलं, पण माझं सगळं लक्ष बाबांकडे होतं. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. आई शेडच्या पायरीवर उभी होती. आम्ही बाबांना आधार देऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं, मी शेजारी बसले. इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं. काय गोड आवाज होता. बाबांनी उजवा हात स्टिअरिंगवर ठेवला आणि ओढला.

काही हललं नाही. त्यांनी उजव्या हाताने डावा उचलून स्टिअरिंगवर ठेवला आणि पुन्हा ओढलं. मानेची शीर फुगली. स्टिअरिंग बोटभर सरकलं आणि हटून बसलं. मी म्हटलं, गाडी जरा पुढे घेतली की सुटेल. बाबांनी इंजिन बंद केलं.

"अजून जोर नाही आला," ते म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी तो बॉल टीव्हीच्या मागे टाकून दिला. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंना दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगितलं. मी फोनवर समजावलं, रागावले, रडलेसुद्धा. ते शांतपणे म्हणायचे, जाऊ दे, हात मेलाय तो. त्या आठवड्यात बँकेत माझ्याकडून दोनदा चुकीच्या खात्यावर सही झाली असती. डोक्यात एकच. एवढा चांगला पंप, एवढा चांगला पट्टा, मग स्टिअरिंग दगडासारखं का?

शनिवारी बँकेला सुट्टी होती. शेडची किल्ली घेऊन गेले, जीपचं बॉनेट उचललं आणि जाळीवरून आत वाकले. सगळं आरशासारखं लखलखत होतं. मधे पाण्याच्या पंपाची पुली, खाली इंजिनाची मोठी, उजवीकडे अल्टरनेटर आणि टेन्शनर. डावीकडे, जिथे स्टिअरिंगचा पंप असायला हवा, तिथे एक गुळगुळीत पुली होती. तिच्यामागे काही नव्हतं. मी हात घालून बघितलं. ब्रॅकेटला एक बोल्ट, बोल्टवर ही पुली, बस. अशा पुलीला मिस्त्री लोक आयडलर म्हणतात. ती काही चालवत नाही, पट्ट्याला वळायला जागा देते आणि स्वतःभोवती फिरत राहते. बॉक्सकडून आलेल्या तेलाच्या दोन्ही नळ्या एकमेकींना जोडून, क्लॅम्प आवळून, खाली बांधून टाकल्या होत्या. पॉवर स्टिअरिंगचा बॉक्स आणि त्याला पंपच नाही. असलं स्टिअरिंग आमच्या जुन्या साध्यापेक्षाही जड. दोन हातांच्या माणसालासुद्धा घाम फुटेल.

बाबांच्या हाताला काही झालं नव्हतं. म्हणजे झालं होतं, पण त्या दिवशी स्टिअरिंग त्यांच्या हातामुळे अडलं नव्हतं. कुणीतरी चांगला पंप काढून घेतला होता आणि माझा बाप आठवडाभर स्वतःला मेलेल्या हाताचा म्हणत होता.

मिस्त्रीकडे पोचेपर्यंत मी त्याला काय काय बोलायचं ते रिक्षात मोठ्याने म्हणत होते. रिक्षावाला आरशातून बघत होता. मिस्त्री दारातच भेटला. माझा चेहरा बघून त्याने हातातला पाना खाली ठेवला आणि खुर्ची पुढे केली. मी बसले नाही. पंप कुठे आहे, कुणाला विकला, आजारी माणसाला फसवताना काही वाटलं नाही का, हे सगळं मी एका दमात विचारलं. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"ताई, पंप इकला नाय. चांगला हाय तो," तो म्हणाला. "पन माज्याकडं नाय. काकू घेऊन गेल्या."

कोण काकू, असं मी विचारलं. खरंच विचारलं. माझ्या डोक्यात आलंच नाही.

"तुमची आई, ताई. गाडी द्यायच्या आदल्या दिवशी रिक्षानं आल्या. मला म्हनल्या, यातलं काय काढलं की यांना गाडी वळवता येनार नाय? मी नको म्हनलो. मंग हात जोडले त्यांनी. आईच्या वयाची बाई, मी काय करनार सांगा."

त्यानेच मग आयडलर लावला, कारण पंप नुसता काढला तर पट्टा ढिला पडतो आणि पाणी फिरायचं थांबतं. इंजिनाची त्याला काळजी होती. मी त्या खुर्चीत बसले. माझ्या आईला स्कूटरची किल्ली कुठल्या बाजूने लावतात ते माहीत नाही. ती बाई इतक्या लांब एकटी आली होती आणि एका पट्ट्यावर चालणाऱ्या इतक्या वस्तूंमधून नेमकी ही एक काढून घेऊन गेली होती.

घरी येताना मला आईच्या जुन्या गोष्टी आठवायला लागल्या आणि प्रत्येक गोष्ट नव्याने दिसली. बाबांना तोंडावर नाही म्हणायची आमच्या घरात कुणाची छाती नव्हती, आईची तर नाहीच. पण बाबांनी एका मित्राबरोबर उलव्याला भागीदारीत जागा घ्यायची ठरवली तेव्हा त्या मित्राचे निरोप घरापर्यंत पोचेनासे झाले. बाबांनी शेडवर रात्रपाळी सुरू करायचं म्हटलं तेव्हा रात्रीच्या कामगाराला अचानक दुसरीकडे बरी नोकरी मिळाली. आम्ही याला योगायोग समजत होतो. आई कुठल्याच गोष्टीला नको म्हणाली नव्हती. नको असलेली गोष्ट फक्त व्हायची थांबायची.

बाबा आत झोपले होते. आई ओट्याशी भाजी निवडत होती. मी दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, पंप कुठे आहे. तिने माझ्याकडे बघितलं. हात पुसले, तांदळाच्या पिंपाचं झाकण काढलं आणि कोपरापर्यंत हात आत घालून एक गाठोडं वर काढलं. जुन्या पातळाच्या तुकड्यात बांधलेला पंप होता. पुलीच्या खाचांमध्ये तांदळाचे दाणे अडकले होते.

"ताटातलं डावीकडचं त्यांना दिसत नाही," आई म्हणाली.

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणतेय. ती सांगत गेली. चटणी, कोशिंबीर, लिंबू, डाव्या बाजूला वाढलेलं काही हे खात नाहीत. तिला वाटलं पथ्य पाळतात. मग एकदा तिने ताट फिरवलं, तर लगेच कोशिंबीर खाल्ली आणि म्हणाले, आज उशिरा वाढलीस. दाढी करतात ती उजव्या गालाची, डावा गाल ती मागाहून करून देते. पेपरात अर्ध्याच ओळी वाचतात आणि छापणाऱ्याला नावं ठेवतात. दाराच्या डाव्या चौकटीला रोज खांदा आपटतो. मी म्हटलं, डोळे तपासलेत की आपण, उत्तम आहेत. आई म्हणाली, डोळे चांगलेच आहेत, डोक्यापर्यंत ती बाजू पोचत नाही. तिने डॉक्टरांना विचारलं होतं. दवाखान्यात मी फाइल आणायला खाली गेले होते तेव्हा. ते म्हणाले, कदाचित सुधारेल, कदाचित नाही.

"आणि तू त्यांना उरण रस्त्यावर सोडणार होतीस," ती म्हणाली. "एवढे मोठाले ट्रेलर डावीउजवीकडून जातात. शाळेची पोरं चालतात कडेने."

मी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. ताटाचं काय, माणूस म्हातारा झाला की चवी बदलतात. मला तिचा संतापच आला होता. मी म्हटलं, असं होतं तर सांगायचं. ती म्हणाली, तुला सांगितलं असतं तर तू जाऊन त्यांच्या तोंडावर बोलली असतीस. मी म्हटलं, हो, बोललेच असते, आणि निदान त्यांनी स्वतःचा हात मेला असं धरलं नसतं. व्यायाम सोडलाय त्यांनी, आई. बॉल टाकलाय. तू त्यांचा हात काढून घेतलास.

हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिचा चेहरा असा पडला की मला माझंच बोलणं नको झालं. गाडी जड आहे म्हणतील आणि विसरून जातील, असं तिला वाटलं होतं. ती पिंपाचं झाकण हातात घेऊन तशीच उभी राहिली.

मी मात्र ठरवलं. बाबांना आत्ताच्या आत्ता शेडवर न्यायचं आणि इंजिन दाखवायचं. पुल्यांमध्ये आयुष्य घालवलेला माणूस. एका नजरेत त्याला कळेल की पंपाच्या जागी आयडलर आहे, की हात ठीक आहे, आणि मग आई म्हणते ते सगळं खोटं ठरेल. मला ते खोटं ठरायला हवं होतं.

उन्हं उतरताना आम्ही तिघं गेलो. बाबा कुरकुरत आले. मी बॉनेट उचललं, त्यांना जाळीसमोर उभं केलं आणि म्हटलं, बघा जरा, सगळं नीट बसवलंय का. कामाची गोष्ट म्हटल्यावर ते बदलले. उजव्या हाताने जाळी धरून वाकले.

"हा अल्टरनेटर," ते म्हणाले. "टेन्शनर. स्प्रिंग कडक आहे, चांगलं. मधे पाण्याचा पंप, खाली इंजिनाची पुली. पट्टा सरळ चाललाय." ते खरंच खूश दिसत होते.

मी विचारलं, आणखी? ते म्हणाले, आणखी काय, सगळं आहे की.

आयडलर त्यांच्यासमोर हातभर अंतरावर होता. चहाच्या बशीएवढा, उन्हात चकाकणारा. हा तोच माणूस होता जो रस्त्यावरून जाणाऱ्या गिरणीवाल्याच्या गाडीचा आवाज ऐकून सांगायचा की पुली केसभर वाकडी आहे. मी म्हटलं, इथे बघा, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर बोट धरून ते हळूहळू डावीकडे नेलं, आयडलरवर टेकवलं. बोट मधल्या पुलीपर्यंत होतं तोवर त्यांची नजर बरोबर आली. पुढे आली नाही. माझा हात तिथेच होता, आणि बाबा त्या मधल्या पुलीकडे बघत विचारत होते, कुठे?

आई खरं बोलत होती. मी या माणसाला ट्रेलरच्या रस्त्यावर सोडणार होते, इस्त्रीचा शर्ट घालून.

आता बॉनेट लावून टाकता आलं असतं. छान बसवलंय म्हणून घरी नेता आलं असतं. आईनेही माझ्याकडे तसंच बघितलं. पण मग तो मेलेला हात तसाच राहिला असता. मी बाबांचा उजवा हात मनगटाशी धरला, डावीकडे नेला आणि त्यांची बोटं आयडलरवर ठेवली.

बोटांना लगेच कळलं. ती कडेवरून फिरली, मधल्या बोल्टवर गेली, मागे रिकाम्या जागेत गेली आणि पुन्हा पुढे आली. बाबांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"ही कुठली?"

मी सांगितलं. ही नुसती फिरती पुली आहे. इथे स्टिअरिंगचा पंप होता, तो काढलाय, म्हणून स्टिअरिंग दगड झालं. त्या दिवशी तुमचा हात कमी पडला नाही, बाबा. पण तुम्हाला डावीकडचं दिसत नाही, आणि गाडी तुम्हाला चालवता येणार नाही. हे मी त्यांच्या तोंडावर बोलले.

पंप कुणी काढला, हे त्यांनी विचारलं नाही. ते पुली चाचपत राहिले.

"मी बघत होतो तेव्हा ही इथे होती?"

"होती."

बाबांचा हात त्या पुलीवर तसाच राहिला. एवढं घाबरलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, झटका आला त्या दिवशीसुद्धा नाही. त्यांनी अगदी हळू विचारलं, "त्या बाजूला अजून काय काय आहे गं?"

"मी आहे," आई म्हणाली. घरून निघाल्यापासून ती त्यांच्या डाव्या बाजूलाच होती, त्यांच्या लोंबणाऱ्या हाताची बाही धरून.

बाबांनी मान वळवली. ती थोडी वळून थांबली. त्यांनी ती आणखी वळवली, मग खांदा वळवला, मग सगळं अंगच फिरवलं, आणि तेव्हा कुठे त्यांना आई दिसली.